उकाडा ही अफवा आहे

दुपारचं जेवण उरकून मेहुण्यांनी गोदामाचं दार उघडलं आणि घशात आलेला ढेकर तिथेच थांबला. मेणबत्त्यांनी माना टाकल्या होत्या.

वरच्या फळीवर नमुन्याचं एक खोकं उघडं ठेवलेलं होतं. सकाळी त्यातल्या मेणबत्त्या कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या ताठ होत्या. आता दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून होत्या, एक भिंतीकडे तोंड करून रुसली होती, आणि बाकीच्या खोक्याच्या कडेवरून वाकून खाली काही पडलंय का ते बघत होत्या. मेहुण्यांनी दुसरं खोकं उघडलं. तिसरं उघडलं. मग उघडायचं बंद केलं. जेवणानंतर माणसाने किती बघावं यालाही काही मर्यादा असते.

खोक्यांवरची छपाई मात्र झकास होती. कारखान्याचे मालक शेठ यांचा कोटातला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'उकाडा ही अफवा आहे. विचार करून मत द्या.'

मेहुणे हे काही त्यांचं नाव नव्हे, पण कारखान्यात त्यांना दुसरं नावच नव्हतं. मेणबत्त्यांच्या कारखान्याच्या मालकिणीचे ते धाकटे भाऊ. या एकाच पात्रतेवर ते मॅनेजर झाले होते, आणि गेटवरच्या वॉचमनपासून सगळे त्यांना अदबीने 'मेहुणे' म्हणायचे. त्याआधी ते सासऱ्यांच्या बादल्यांच्या दुकानात बसायचे. तिथे त्यांना सगळे 'जावई' म्हणायचे. त्या दुकानात परत जायची वेळ येऊ नये, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी आयुष्यात बाळगली होती. आणि शेठनी तर कालच बजावलं होतं, "मेहुणे, रविवारी ही खोकी मतदारांच्या हातात पडली पाहिजेत. मेणबत्त्या अशा हव्यात की बघणाऱ्याने मान ताठ करावी. नाहीतर सोमवारपासून तुम्ही आणि तुमच्या बादल्या."

रविवारी व्यापारी संघाच्या अध्यक्षाची निवडणूक होती. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला पंखेवाले. पंखेवाले पंखे विकायचे आणि भाषणात सांगायचे की जग तापत चाललंय, हवामान बदलतंय, तेव्हा बाजारपेठेच्या रस्त्यावर छप्पर घाला, दुतर्फा झाडं लावा, आणि त्यासाठी प्रत्येक दुकानदाराकडून वर्गणी काढा. शेठचा वर्गणीला विरोध होता. आता वर्गणी द्यायची नाही तर छप्पर नको म्हणायला हवं, छप्पर नको तर ऊन नाही म्हणायला हवं, आणि ऊन नाही तर जग तापतंय हे थोतांड म्हणायला हवं. अशा सरळ पायऱ्या उतरत शेठ एका महिन्यात हवामानशास्त्राच्या तळाशी जाऊन पोचले होते. तिथे त्यांना बरीच माणसं आधीच बसलेली भेटली. सगळे दुकानदार होते.

प्रचारभर शेठ कोट घालून फिरले. गरम होतच नाही तर कोट का काढायचा? कपाळावरून धारा लागल्या की म्हणायचे, "घाम नाही हा. जोश आहे."

मेहुणे केबिनमध्ये शिरले. कारखान्यात एसी एकट्या शेठच्या केबिनमध्ये होता, आणि तो शेठसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. कॉम्प्युटर बंद असायचा, पण त्याला गारवा लागायचा.

"शेठ, मेणबत्त्या वाकल्या."

"कोणी वाकवल्या?"

'कशामुळे' हा प्रश्न शेठना जन्मात कधी पडला नव्हता. त्यांना फक्त 'कोणामुळे' पडायचा.

"कोणी नाही. ते गोदामात जरा..." मेहुणे अडखळले. तो शब्द या केबिनमध्ये काढायची सोय नव्हती. "जरा वातावरण आहे."

"कसलं वातावरण?"

"म्हणजे वरचा पत्रा आहे ना, तो दुपारी..."

"मेहुणे," शेठनी कोटाचं बटण लावलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"तुमच्याच, भाऊजी."

"कारखान्यात शेठ म्हणायचं."

"तुमच्याच, शेठ."

"मग बाईंना बोलवा."

बाई म्हणजे कारखान्याच्या केमिस्ट. मेण कुठलं, वात कशी, रंग किती, हे ठरवायचं काम त्यांचं. हुशार होत्या, कामाला चोख होत्या, फक्त 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांना फार आवडायचं आणि ते म्हणायची संधी त्या सोडायच्या नाहीत. आत येताना त्या गोदामातला थर्मामीटर घेऊनच आल्या.

शेठनी तो हातात घेतला आणि विंचू धरावा तसा टेबलावर टाकला. थर्मामीटरच्या डोक्यावर पंखेवाल्यांचा हसरा फोटो होता. नव्या वर्षाला पंखेवाले सगळ्या बाजारात फुकट थर्मामीटर वाटत.

"हा कोणाचा माणूस आहे, बाई?"

"हा थर्मामीटर आहे, शेठ. सेहेचाळीस दाखवतोय, पण हा जास्त दाखवतो. फुकटातला माल. म्हणून मी लॅबमधलेही दोन लावून बघितले. दोन्ही त्रेचाळीस."

"दोघं शब्दाला शब्द तेच बोलतायत?"

"हो."

"म्हणजे पढवलेले आहेत." शेठ खुर्चीत रेलले. "आणि तिसरा वेगळंच बोलतोय. म्हणजे तुमच्यात एकमतही नाही."

बाईंनी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुण्यांनी एसीकडे बघितलं.

"शेठ, चांगलं मेणसुद्धा एवढ्या गरमीत नरम पडतं. आणि तुम्ही यंदा स्वस्तातलं आणलंत, ते तर चाळिशीतच मान टाकतं. मी सांगितलं होतं."

"गेल्या वर्षीही स्वस्तातलंच होतं. तेव्हा का नाही वाकल्या?"

"गेल्या वर्षी गोदामात एवढं तापलं नव्हतं."

"ऐकलंत, मेहुणे? गेल्या वर्षी तापलं नव्हतं. यांच्याच तोंडून आलं. आणि म्हणे जग तापतंय."

"अहो, गेल्या वर्षी कमी होतं आणि यंदा जास्त आहे, यालाच तर..."

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी आदर करतो. पण वाद घालू नका. आपण समिती नेमू."

समितीत हिशेबनीस आणि ड्रायव्हर अशा दोघांना घेतलं. बाईंना घेतलं नाही, कारण त्यांना विषयाची माहिती होती आणि त्यामुळे त्या निःपक्षपाती राहू शकल्या नसत्या. समिती पाहणीसाठी गोदामात गेली. हिशेबनीसांचा चष्मा घामाने नाकावरून घसरायला लागला, ड्रायव्हर शर्टाची वरची बटणं सोडून दारातच उभा राहिला, आणि तेवढ्यात समितीचं असं मत पडलं की पुढचा अभ्यास केबिनमध्ये बसून जास्त बारकाईने करता येईल. केबिनमध्ये तासभर अभ्यास झाला. मग हिशेबनीसांनी निष्कर्ष सांगितला. मेणबत्त्या पूर्वीपासून वाकत आलेल्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी एक वाकली होती, आणि तेव्हा तर गावात पंख्याचं दुकानही नव्हतं. शिवाय वाकलेली मेणबत्ती जळते की नाही? जळते. आणि सरळ म्हणजे नेमकं किती सरळ, यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत.

"कुठल्या तज्ज्ञांमध्ये?" मेहुण्यांनी विचारलं.

"आमच्यात," हिशेबनीस म्हणाले. "याला वाटतं जरा तिरकी चालेल. मला वाटतं चालणार नाही."

शेठ खूश झाले. मेहुणे झाले नाहीत. समितीचा निष्कर्ष वाचून मेणबत्त्या सरळ होणार नव्हत्या, आणि सोमवारी बादल्या विकायला समिती येणार नव्हती. त्यांनी वाकलेला सगळा माल गुपचूप वितळवून रात्रपाळीला पुन्हा ओतायला सांगितला, आणि स्वतः उन्हातून बाजारात गेले.

गावात पंख्याचं दुकान एकच. मेहुण्यांनी तोंडाला रुमाल बांधला आणि मान खाली घालून आत शिरले.

"या मेहुणे," पंखेवाले गल्ल्यावरून म्हणाले. "रुमाल काढा, गुदमराल. पन्नास झालंय बाहेर."

"त्रेचाळीस आहे," मेहुणे सवयीने बोलून गेले.

"पन्नास म्हणायचं. त्रेचाळीसला कोण पंखा घेतं?"

"पण खरं त्रेचाळीसच आहे ना?"

"खरं असेल हो. पण खऱ्याला कोणी घाबरत नाही. मी आधी खरंच सांगायचो, दोन वर्षं पंखे पडून होते." पंखेवाल्यांनी आतल्या पोराला आवाज न देता स्वतःच उठून दोन भलेमोठे उभे पंखे पुढे ओढले. "शेठनी मागवलेत?"

"नाही नाही. माझ्यासाठी. घरी."

"घरी? हे तर लग्नाच्या मांडवाला लागतात."

"घर मोठं आहे."

"मग पत्ता द्या, टेम्पोने पाठवतो. आणि मेहुणे, तुमचा एक फोटो काढू का? आठवण म्हणून."

मेहुण्यांनी नको म्हणेपर्यंत फोटो निघाला होता. पत्ता मात्र त्यांनी कारखान्याच्या मागच्या गेटचा दिला. टेम्पोवाल्याने तो नीट वाचला आणि नेहमीच्या सवयीने पुढच्या गेटला जाऊन उभा राहिला. टेम्पोच्या तिन्ही बाजूंना पंखेवाल्यांचे फोटो होते आणि टपावर भोंगा होता. भोंग्यातून पंखेवाल्यांचाच आवाज बाजारभर सांगत होता की जग तापतंय, मत देताना डोकं थंड ठेवा. शेठ केबिनच्या खिडकीत आले तेव्हा त्यांच्याच गेटमधून दोन पंखे त्यांच्याच वॉचमनच्या खांद्यावरून आत येत होते. तोवर मेहुण्यांचा फोटो बाजारातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'शेठच्या घरात उकाडा.'

"हे काय आहे?" शेठनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, म्हणजे काही खरं नव्हतं.

मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर लाल, निळ्या, हिरव्या बादल्या एकात एक रचलेल्या उभ्या राहिल्या.

"धूळ, शेठ."

"काय धूळ?"

"गोदामात धूळ फार आहे. ती उडवायला आणलंय. वाऱ्यासाठी नाही. वारा आपोआप येतो, त्याला आपला इलाज नाही. पण मूळ उद्देश धूळ."

शेठनी बराच वेळ विचार केला. मग फोन उचलून त्यांनी बाजाराला कळवलं की आमच्या कारखान्यात पंखे नाहीत, धूळयंत्रं आहेत, आणि विरोधकांनी यंत्रसामग्रीवरून राजकारण करू नये. कारखान्यात त्या दिवसापासून 'पंखा' हा शब्दही बंद झाला. कामगार मुकाट्याने धूळयंत्रासमोर उभे राहून शर्ट वाळवायला लागले.

रात्रपाळीने ओतलेल्या नव्या मेणबत्त्या सकाळी गोदामात आल्या. मेहुण्यांनी दोन्ही धूळयंत्रं पूर्ण वेगात सोडली आणि दुपारी बघायला गेले. सगळ्या वाकल्या होत्या. कालच्यापेक्षा जरा जास्तच, आणि एकाच दिशेला.

बाई दारात उभ्या होत्या. "पंख्याने मेणबत्ती गार होत नाही, मेहुणे. पंख्याने आपल्याला गार वाटतं, कारण आपल्याला घाम येतो आणि तो वाळतो. मेणबत्तीला घाम येत नाही. तुम्ही तिच्यावर नुसती गरम हवा सोडलीत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. रुमाल बांधून गेलात."

मेहुणे एका रिकाम्या खोक्यावर बसले. खोकं खचलं, ते आणखी खाली बसले. "बाई, मला खरं सांगा. या मेणबत्त्या रविवारपर्यंत सरळ कशा राहतील?"

"गार जागी ठेवल्या तर."

"गार जागा आहे कुठे आपल्याकडे?"

बाईंनी केबिनकडे बघितलं. केबिनच्या काचेवर बाहेरून बारीक दव धरलं होतं आणि त्यापलीकडे शेठ कोटाची कॉलर वर करून बसले होते.

आता शेठना केबिन रिकामी करा म्हणायचं, म्हणजे मेणबत्त्यांना गारवा लागतो म्हणायचं. गारवा लागतो म्हटलं की बाहेर गरम आहे हे आलं. गरम आहे म्हटलं की छप्पर, झाडं, वर्गणी, आणि मेहुणे बादल्यांच्या दुकानात. त्यांनी गोदाम ते केबिन एवढं अंतर चालायला भरपूर वेळ घेतला. तरी दारात पोचेपर्यंत त्यांना काही सुचलेलं नव्हतं.

"पुन्हा वाकल्या?" शेठ म्हणाले. बाजूला हिशेबनीस बसले होते. "कोणी वाकवल्या, मेहुणे? आता तरी नाव सांगा."

मेहुणे आजवर या प्रश्नाला 'कोणी नाही' असं उत्तर देत आले होते आणि दर वेळी तोंडावर पडले होते. आज ते दमले होते.

"तेच म्हणतोय," ते म्हणाले. "कोणीतरी वाकवतंय."

केबिनमधलं वातावरणच बदललं. शेठ उठून उभे राहिले. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"मला माहीत होतं. मी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. हिशेबनीस, मी काय विचारलं होतं?"

"कोणी वाकवल्या असंच विचारलं होतं, शेठ."

"तासन् तास समिती बसली, कोणाच्या डोक्यात आलं नाही. माणूस येतो, खोकं उघडतो, एकेक मेणबत्ती वाकवतो, खोकं बंद करतो."

"एवढी सगळी खोकी?" हिशेबनीसांना शंका आली.

"माणसं जास्त असतील. पंखेवाल्याकडे माणसांना काय तोटा."

मेहुण्यांनी मग लोखंड तापलेलं बघून घाव घातला. सगळा माल पुन्हा वितळवावा, आणि नव्याने ओतला की थेट शेठच्या नजरेखाली, केबिनमध्ये ठेवावा. दाराला कुलूप. किल्ली शेठच्या खिशात. एसी आहे तसाच चालू ठेवावा, कारण तो बंद केला तर आत कोणी नाही हे शत्रूला कळेल.

"आणि मी कुठे बसू?"

"दाराबाहेर, शेठ. पहाऱ्याला. तुमच्याइतका विश्वासाचा माणूस दुसरा कोण आहे?"

केबिन छतापर्यंत खोक्यांनी भरली. शेठ बाहेर पत्र्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. कोट घालून. पहिल्या दिवशी त्यांना जोश फार आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड लालबुंद झालं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते खुर्चीवरून हळूहळू एका बाजूला कलायला लागले. बाईंनी धावत जाऊन डोक्यावर पाणी ओतलं, कोट काढायला लावला.

"पित्त झालंय," शेठ डोळे मिटून म्हणाले.

"ऊन लागलंय, शेठ."

"पित्त आहे. मला माझं पित्त माहीत नाही?"

शनिवारी संध्याकाळी केबिनचं कुलूप काढलं. मेहुण्यांनी खोकी बाहेर ओढली. पहिलं खोकं उघडलं, सरळ. दुसरं, सरळ. मधलं कुठलंही काढा, मेणबत्त्या सरळसोट. मेहुण्यांना रडू येईल असं वाटलं. शेठ मात्र खोक्यांकडे बघतच नव्हते, बाईंकडे बघत होते.

"बघितलंत? पहारा बसवला आणि एकही वाकली नाही. आता सांगा, काय पुरावा पाहिजे अजून?"

बाईंनी तोंड उघडलं. मेहुण्यांनी मागून हात जोडले. बाईंनी तोंड मिटलं, पण जाता जाता त्यांच्याने राहवलं नाही. "घरी नेल्यावर उद्या दुपारी पुन्हा वाकतील. आत्ताच सांगून ठेवते."

रविवारी सकाळी मतदान झालं. सभागृहाच्या दारात प्रत्येकाच्या हातात खोकं पडलं. शेठनी भाषणात मेणबत्त्यांवर झालेल्या हल्ल्याची सगळी हकीकत सांगितली. पंखेवाल्यांनी त्यानंतर उठून पंचावन्न अंश सांगितले, पण लोकांनी पन्नास आधीच ऐकलेलं होतं, त्यामुळे काही परिणाम झाला नाही. शेठ दणदणीत मतांनी निवडून आले. कोणी म्हणालं लोकांनी सत्याला कौल दिला, कोणी म्हणालं मेणबत्तीला दिला. खरं म्हणजे लोकांनी वर्गणी न देण्याला कौल दिला होता, आणि घामाघूम होऊन, खोक्यांनी वारा घेत घेत दिला होता.

सोमवारी सकाळी मेहुणे शीळ घालत कामावर आले आणि केबिनबाहेर थांबले. आत फोन वाजत होता. शेठ एक खाली ठेवत होते तर दुसरा वाजत होता. ज्याने त्याने रविवारी दुपारी घरी जाऊन खोकं कपाटावर ठेवलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या घरी मेणबत्त्या संध्याकाळपर्यंत आडव्या झाल्या होत्या.

शेठनी शेवटी फोनची वायर काढली.

"घराघरात शिरलाय तो वाकवणारा," ते म्हणाले. "आता माझं एकच म्हणणं आहे, मेहुणे. उद्या दुपारी संघाची पहिली बैठक आहे. तिथे मला नाव सांगायचंय. आणि मला ते कळलेलंही आहे."

"कोण?"

"वाकणार हे आधीच कोणाला माहीत होतं? गोदामातल्या वाकणार हे कोण म्हणालं? घरी नेल्यावर दुपारी वाकतील हे कोण म्हणालं? वेळेसकट. ज्याने केलेलं नाही त्याला वेळ कशी कळेल?"

मेहुणे घाईने पुढे झाले. "शेठ, बाईंनी ते अभ्यासावरून सांगितलं."

"तेच तर. अभ्यास करून केलंय. मी उद्या बैठकीत नाव घेणार, आणि परवापासून त्या बाई या बाजारात कुठे नोकरीला लागतात तेच बघतो."

मेहुणे लॅबमध्ये गेले. बाई टेबल आवरत होत्या. ड्रॉवर रिकामा झाला होता. चष्म्याची केस, एक डबा, एक छत्री. हिशेबनीसांनी येऊन सांगितलं असावं.

"पंखेवाल्यांनी बोलावलंय मला," त्या म्हणाल्या. "पगार जास्त देतो म्हणाले. फक्त रोज सकाळी दारातल्या फळ्यावर पन्नास लिहायचं."

"मग?"

"मी म्हटलं जे असेल ते लिहीन. ते म्हणाले मग नको." त्यांनी छत्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मेहुणे, कोणीतरी वाकवतंय हे पहिल्यांदा कोण म्हणालं हो?"

मेहुण्यांनी टेबलावरची छत्री उचलून नीट भिंतीला टेकवली. बाईंना कळायचं ते कळलं. आश्चर्य म्हणजे त्या 'मी सांगितलं होतं' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मेहुण्यांना जरा बरं वाटलं असतं.

दुपारी त्यांनी शेठना गोदामात गाठलं. शेठ नवा पहारा कुठे बसवायचा ते बघत होते.

"भाऊजी," मेहुणे म्हणाले.

"कारखान्यात..."

"भाऊजी, मीच वाकवल्या."

शेठ वळले. मेहुण्यांनी वाक्य पाठ करून आणलं होतं, पण पुढचं पाठ केलेलं नव्हतं. बादल्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांनी बादल्यांना बाजूला सारलं. "बाईंचा यात काही संबंध नाही. गोदामातल्या मी वाकवल्या, आणि लोकांच्या घरच्याही माझ्यामुळेच वाकल्या. भरताना प्रत्येक मेणबत्तीला माझा हात लागलाय."

"तुम्ही?" शेठचा आवाज दुखावलेला होता. "घरचा माणूस? तुमच्या बहिणीला काय सांगू मी? कशासाठी केलंत?"

"मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम न करता कोणी हजारो मेणबत्त्या वाकवतं का? कशा वाकवल्या, दाखवा मला."

आता दाखवायचं काय? मेहुण्यांनी फळीवरची एक ताजी, आत्ताच ओतून आलेली मेणबत्ती उचलली आणि मुठीत उभी धरून राहिले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून नुसते धरून राहिले. पत्रा वरून तडतडत होता. दोघांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. थोड्या वेळाने मेणबत्तीच्या वातीने मान जराशी हलवली, मग खांदे पाडले, आणि बघता बघता मेणबत्ती मेहुण्यांच्या मनगटावर येऊन निजली.

शेठ पुढे झाले. मेणबत्तीकडे बघितलं. मेहुण्यांच्या हाताकडे बघितलं. हात धरून उलटा केला, सुलटा केला, तळव्याला बोट लावलं.

"तुमचे हात गरम आहेत, मेहुणे," ते म्हणाले.

मेहुण्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा शेठनी 'कोणामुळे'च्या पुढे जाऊन 'कशामुळे' म्हटलं होतं. ते वाया जाऊ द्यायची मेहुण्यांची छाती झाली नाही.

"फार गरम आहेत," शेठ म्हणाले. "तापच आहे हा. हे आधी का नाही सांगितलंत? मी बिचाऱ्या त्या बाईंवर उगाच..." त्यांनी सहज म्हणून दुसरी मेणबत्ती उचलली आणि स्वतःच्या मुठीत धरली. "हे बघा, अशी सरळ..."

ती मेहुण्यांच्यापेक्षा लवकर वाकली.

शेठ आपल्या हाताकडे असे बघत होते, जणू तो कोणीतरी चुकून त्यांच्याकडे ठेवून गेलाय. मेहुण्यांना वाटलं, आता होणार. आता हा माणूस वर पत्र्याकडे बघणार आणि बोलणार.

शेठनी वर बघितलं नाही. त्यांनी मेहुण्यांच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा मेहुण्यांच्या. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

"तुमच्या बहिणीकडून आलंय हे माझ्यात," ते म्हणाले. "लग्नाआधी माझे हात असे नव्हते."

"असेल," मेहुणे म्हणाले.

"तिच्या माहेरचंच आहे. तुमच्या वडिलांशी हात मिळवला होता तेव्हाच मला जाणवलं होतं." शेठनी मेणबत्ती फळीवर ठेवली. "यावर उपाय काय?"

"हातमोजे घेतले की झालं."

"महाग असतात?"

"नाही. अगदी किरकोळ."

"मग हेच कारण ठरलं," शेठ म्हणाले.